पदकावरील एकवचन

गेल्या महिन्यात खर्डीहून एका भगिनींचे चार पानी पत्र आले. खर्डी म्हणजे कसाऱ्याच्या अलीकडची, शहापूर तालुक्यातील. निजामाशी झालेल्या लढाईचे खर्डे ते जामखेड तालुक्यातले. ही गल्लत पुष्कळांकडून होत असल्यामुळे भगिनींनी आरंभीच आम्हांस सावध केले आहे. गंमत अशी की, त्या दुसऱ्या खर्ड्याचाही या प्रकरणाशी थोडा संबंध निघतो; तो ओघाने येईलच.

पत्रातील हकीगत थोडक्यात अशी. घर जुने, चार बिऱ्हाडांचे. आता वाटण्या व्हावयाच्या म्हणून माळ्यावरील सागवानी पेटी खाली आणली. तीत भांड्यांच्या खाली दोन वस्तू निघाल्या. एक, तळहातावर मावेल असे तपकिरी धातूचे जाड, वाटोळे पदक; त्याच्या एका अंगास गोऱ्या साहेबाचा मुखवटा, दुसऱ्या अंगास तोच साहेब दोन लहान मुलांना सामोरा जात आहे. दुसरी वस्तू म्हणजे लाल खारव्यात बांधलेला मोडी कागदांचा रुमाल. पूर्वी हे पदक दसऱ्याला शस्त्रांबरोबर पुजले जाई, असे सासूबाईंस आठवते. घराण्यातील समजूत अशी की, मूळ पुरुष हरिपंत तात्या फडक्यांच्या फौजेत कारकून होते, आणि टिपूवरील स्वारीत ‘लाटसाहेबाने खूष होऊन’ हे त्यांस दिले.

आता घरात तीन मते झाली आहेत. सासूबाई म्हणतात, देवघरात ठेवा. धाकटे दीर परदेशी असतात. ते म्हणतात, इकडील लिलावात चांगली किंमत येईल, पुढील खेपेस मी घेऊन जातो. थोरले दीर म्हणतात, इंग्रजी अमलाची ही खूण घरात कशाला, मोडीत घाला. भगिनींनी कागदाखाली पदक ठेवून वरून शिसपेन घासून दोन्ही अंगांचे ठसे काढून पाठविले आहेत आणि विचारले आहे की, हे नेमके काय आहे, व आम्ही काय करावे? रुमालाविषयी पत्रात एकच ओळ आहे: तो कोणीच मागितलेला नाही.

ठसे चांगले उमटले आहेत. भिंगाखाली अक्षरे लागली, आणि पदकाची ओळख पटण्यास अडचण पडली नाही. मुखवटा लॉर्ड कॉर्नवॉलिस याचा. हा १७८६ ते १७९३ पर्यंत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता, आणि टिपूवरील तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेचे सेनापतिपद त्याने स्वतःकडे घेतले होते. पदक कोरणारा कॉनराड हाइनरिख क्यूखलर नावाचा कारागीर. तो १७९३ च्या सुमारास बर्मिंगहॅमजवळील सोहो येथे मॅथ्यू बोल्टनच्या टाकसाळीत दाखल झाला आणि तेथे त्याने जी पदके केली त्यांतील हे एक. वाफेच्या यंत्राने नाणी पाडणारी ती प्रसिद्ध टाकसाळ. मुंबई इलाख्याचे १७९१ व १७९४ सालचे तांब्याचे पैसे, ज्यांवर एका अंगास कंपनीचे चिन्ह व दुसऱ्या अंगास तराजू आणि ‘अदल’ हा शब्द असे, तेही तेथेच पडून जहाजाने इकडे आले. म्हणजे खर्डीच्या पेटीतील साहेब आणि मुंबईच्या बाजारातील तराजू हे एकाच कारखान्याचे. पदकाचा व्यास सुमारे ४८ मिलिमीटर. यास सर्वत्र कांस्यपदक म्हणतात, तथापि सोहोची ही पदके बहुधा तांब्याची असत आणि वर तपकिरी कांस्यरंगाचा लेप चढविलेला असे. पाय चोळावयाची आपली काशाची वाटी आणि हे कांस्य यांत म्हणूनच पुष्कळ अंतर आहे.

मुखवट्याभोवती लॅटिन भाषेत नाव आणि बिरुद आहे: चार्ल्स मार्क्विस कॉर्नवॉलिस, अतितीव्र सेनानी. मागील अंगास वर एक वचन आहे, त्याचा आशय, शत्रूस अभय देणे हाच धर्म होवो. खाली एक ओळ व रोमन आकड्यांत १७९२ हे साल. या खालच्या ओळीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. तिचा अर्थ: ‘सुलतान टिपू जिंकला गेला असता, ओलीस स्वीकारतो.’ ज्यांनी शाळेत संस्कृत घोकले आहे त्यांना ‘जिंकला गेला असता’ हे ऐकताच सति सप्तमी आठवेल. लॅटिनमध्ये हीच रचना पंचमीसारख्या विभक्तीने होते. या रचनेची सोय अशी की, क्रिया झाली एवढे सांगता येते. ती कोणी केली हे सांगावे लागत नाही. टिपू जिंकला गेला. कोणाकडून, ते गुलदस्तात. आणि पुढील ‘स्वीकारतो’ हे क्रियापद तर धडधडीत एकवचनी आहे.

जिंकणारे वस्तुतः तीन होते. १७९० च्या जूनमध्ये पुण्यात पेशव्यांचा व कंपनीचा तह झाला. पुढच्या महिन्यात निजामही सामील झाला. मिळेल तो मुलूख तिघांनी सारखा वाटून घ्यावयाचा, असे ठरले. पेशव्यांकडून परशुरामभाऊ पटवर्धन प्रथम निघाले. त्यांनी सप्टेंबर १७९० मध्ये धारवाडास वेढा घातला आणि कॅप्टन लिटल याच्या मुंबईकर पलटणींच्या साह्याने एप्रिल १७९१ मध्ये ते ठाणे घेतले. पाठोपाठ हरिपंत मुख्य फौज घेऊन दक्षिणेस उतरले. दरम्यान २१ मार्चला कॉर्नवॉलिसने बंगळूर घेतले होते, आणि मराठ्यांची वाट न पाहता तो मे महिन्यात श्रीरंगपट्टणावर चालून गेला.

पुढे काय झाले ते पदकावर नाही. १५ मे रोजी अरिकेरे येथे त्याने लढाई जिंकली. परंतु छावणीत धान्य नाही, वैरण नाही, तोफा ओढणारे बैल पटापट मरत आहेत, वर पाऊस. सेनानी कितीही अतितीव्र असला तरी बैलाविना तोफ चालत नाही. शेवटी किल्ला फोडण्यासाठी आणलेल्या मोठ्या तोफा त्याने स्वतःच नासवून टाकल्या आणि फौज माघारी फिरविली. ती परतत असता मेलकोट्याच्या बाजूस घोडेस्वार दिसू लागले. शत्रूच आला असे समजून इंग्रज सज्ज झाले. मग कळले की, ही हरिपंत व परशुरामभाऊंची फौज! इतकी मोठी सेना जवळ येऊन ठेपली तरी तिची वार्ता इंग्रजांस नव्हती, कारण टिपूच्या स्वारांनी मधले जासूद एकही पोहोचू दिले नव्हते. मराठी लष्कराबरोबर चालता बाजार होता. तेथे धान्य, गुरे, कापड, जडजवाहीर, इतकेच नव्हे तर विलायती बनातसुद्धा विकत मिळत होती. उपाशी फौज त्या बाजारावर तगली. आमच्या व्यापाऱ्यांनी भाव बेसुमार लावले, हेही इंग्रज लेखक विसरत नाहीत, आणि ते खोटे नसावे. अडलेल्या गिऱ्हाइकास सवलत देण्याची चाल कोणत्याच बाजारात नाही.

नऊ महिन्यांनी तिन्ही फौजा पुन्हा श्रीरंगपट्टणापुढे उभ्या राहिल्या. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री इंग्रजी फौजेने बाहेरील मोर्चे घेतले. हा हल्ला सर्वस्वी कॉर्नवॉलिसचा होता, त्याचे श्रेय त्यास दिले पाहिजे. नंतर तह ठरला: टिपूने अर्धे राज्य द्यावे, तीन कोटी तीस लाख रुपये द्यावे आणि फेड होईतो आपले दोन मुलगे ओलीस ठेवावे. २६ फेब्रुवारीस अब्दुल खालिक व मुइझुद्दीन ही मुले कॉर्नवॉलिसच्या डेऱ्यात आली. वये दहाच्या आतबाहेर. त्यांचा वकील गुलाम अलीखान याने त्यांस स्वाधीन केले. हाच पदकावरील देखावा. मुले पुढे मद्रासेस राहिली आणि १७९४ मध्ये बापाकडे परत गेली. विलायतेत या प्रसंगाची चित्रे निघाली, त्यांच्या छापील प्रती घरोघर लागल्या. कॉर्नवॉलिस हाच तो सेनापती, ज्याची फौज १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउन येथे शरण गेली होती आणि जो त्या समारंभास प्रकृतीचे कारण सांगून स्वतः गेला नव्हता. त्याच्या देशबांधवांस असे चित्र हवेच होते. परंतु दुसऱ्याची लहान मुले तारण म्हणून घेणे आणि त्यावर अभयाचे वचन कोरणे, यातील विसंगती कोणत्याही गृहिणीस लॅटिनशिवाय कळेल.

तेव्हा खर्डीच्या घरातील समजुतीविषयी आमचे मत असे. मूळ पुरुष हरिपंतांच्या फौजेत असणे अगदी शक्य आहे. त्या काळी तुमचा मुलूख पेशव्यांच्याच अमलात होता, आणि तात्यांच्या फडावर कारकून पुष्कळ होते. परंतु हे पदक लाटसाहेबाने रणांगणावर दिलेले नव्हे. युद्ध संपल्यावर ते विलायतेत तयार झाले. ठशावरून त्यास कडी दिसत नाही. ते छातीवर लावावयाचे नव्हतेच, हौशी माणसाने संग्रहात ठेवावयाचे होते. शिपायांसाठी पदके वेगळी निघत. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हाचे पदक याच क्यूखलरने कोरले. त्यात वाघास सिंह लोळवीत आहे. ते मोठ्या सरदारांस सोन्याचे आणि साध्या शिपायास कथलाचे दिले गेले. पदकांतही वर्णव्यवस्था असते ती अशी! तुमचे पदक बहुधा पुढे केव्हातरी एखाद्या पूर्वजाने मुंबईत विकत घेतले असावे, आणि ‘आपले आजोबा त्या स्वारीत होते’ या आठवणीशी ते जाऊन चिकटले असावे. यात आजोबांची अप्रतिष्ठा नाही. उलट, ज्या पदकावर त्यांच्या धन्याचे नाव नाही ते त्यांस बक्षीस म्हणून मिळाले नाही, हेच बरे.

आता वाचक विचारतील की, आमच्या लोकांनी आपल्या सेनानींची पदके का पाडली नाहीत? आमच्याकडे ती रीत नव्हती. मर्दुमकी केल्यास शिरपाव, शिरपेच, सोन्याचे कडे, पालखी, चौघडा. अधिक झाल्यास इनाम गाव. हे सारे वापरावयाचे, खावयाचे, वंशपरंपरा उपभोगावयाचे. मुखवटा कोरून तो परक्याच्या टेबलावर जावा, ही कल्पनाच आमची नव्हे. सेनानीची आठवण दगडात राही, पण त्याच्या रूपाने नव्हे, देवाच्या रूपाने. सिद्धटेकच्या गणपतीस जाणारी फरसबंदी वाट व तेथील नगारखाना हरिपंतांचा, असे सांगतात. पद गेले असता त्यांनी तेथे एकवीस प्रदक्षिणा घातल्या व ते परत मिळाले, अशी कथाही तेथे ऐकू येते. १७९४ च्या जूनमध्ये त्यांचा देहान्त सिद्धटेकासच झाला. परशुरामभाऊंचे स्मारक पाहावयाचे तर तासगावी जावे. तेथील गणपती मंदिराचे सात मजली गोपूर महाराष्ट्रात दुर्मिळ आहे, आणि दक्षिणेच्या स्वाऱ्यांत पाहिलेली देवळे बांधणाराच्या मनात होती हे पाहताक्षणी कळते. याच भाऊंनी १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्यावर पेशव्यांच्या फौजेचे आधिपत्य करून निजामास नमविले. तीन वर्षांपूर्वी श्रीरंगपट्टणापुढे दोस्त म्हणून शेजारी तळ दिलेला तोच निजाम. खर्ड्याचे पदक कोणी पाडले नाही.

येथे थांबून ‘इंग्रजाने आमचे नाव गाळले’ म्हणून हळहळणे सोपे आहे, आणि आमच्या पुष्कळ वाचकांस तेवढे आवडेलही. परंतु याच स्वारीची दुसरी एक गोष्ट आहे. ती आमच्या घरांतून क्वचितच सांगितली जाते. १७९१ मध्ये पटवर्धनी फौजेबरोबरच्या स्वारांनी व पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. होय, शंकराचार्यांचा शृंगेरी मठ. शारदेची मूर्ती हलविली गेली, माणसे मारली गेली, स्वामींस मठ सोडावा लागला. स्वामींनी दाद मागितली ती टिपूकडे. आणि टिपूने मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी रोख रक्कम व धान्य देण्याचे हुकूम सोडले. हा कन्नड पत्रव्यवहार म्हैसूर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख नरसिंहाचार यांस १९१६ मध्ये मठातच सापडला. त्यावरून टिपू देवभोळा ठरविण्याचे कारण नाही. कूर्ग व मलबारातील लोकांस त्याचा वेगळा अनुभव आहे. ‘ते पेंढारी होते, फौज नव्हती’ असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. पण पेंढारी ज्या झेंड्यामागून चालत होते तो कोणाचा, हा प्रश्न उरतोच. कॉर्नवॉलिसच्या पदकावर हरिपंत नाहीत, हे खरे. तासगावच्या गोपुरावर शृंगेरीही नाही.

म्हणून आम्हांस थोरल्या दिरांचे मत पटत नाही. पदक मोडीत घालून इंग्रजी अंमल पुसला जात नाही; नाहीशी होते ती फक्त त्याने आपली बाजू कशी सांगितली याची साक्ष. अशी साक्ष जपून ठेवावी आणि घरातील मुलांस दाखवावी. देवघराविषयी मात्र सासूबाईंची क्षमा मागून आम्ही असहमती नोंदवितो. त्यांची भावना आजोबांविषयीची आहे हे आम्ही जाणतो. पण पूजेत बसले आहेत ते आजोबा नव्हेत, कॉर्नवॉलिस आहेत! असे पूर्वीही घडलेले आहे. मुंबईच्या हिरवळीवर या साहेबाचा पुतळा उभा केला तेव्हा लोक त्यास ‘छोटे देऊळ’ समजून फुले वाहू लागले, असे जुन्या वर्णनांत आढळते. दसऱ्याला आजोबांचे काही पुजावयाचेच असेल तर तो रुमाल पुजावा.

धाकट्या दिरांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू परदेशी नेता येत नाही. तो अधिकार फक्त केंद्र सरकारचा. हे पदक दोनशे वर्षांहून जुने आहे. ते सामानात घालून विमानतळावर जाणे हा गुन्हा होईल, मग ते स्वतःच्या आजोबांचे का असेना. ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखितांस तर पंचाहत्तर वर्षांचीच मुदत आहे. देशात विकावयाचे असल्यास परवानेदार व्यापाऱ्याकडूनच व्यवहार करावा. किंमत किती येईल हे सांगण्याचा आमचा धंदा नव्हे. पण सोहोची ही पदके अनेक निघाली, मोठमोठ्या संग्रहालयांत ती आहेत. तेव्हा एका पदकाच्या पैशांवर चार बिऱ्हाडांनी फार मनोरथ रचू नयेत.

आणि कृपा करून ते घासू नका. चिंच, राख, लिंबू, बाजारात मिळणारी भांडी उजळण्याची पूड, काहीही लावावयाचे नाही. तपकिरी रंग हा मळ नव्हे. तो कारखान्यातच चढविलेला लेप आहे, तो गेला की खालचे तांबे उघडे पडते आणि पदकाची शोभा व किंमत दोन्ही जातात. मऊ कोरड्या फडक्याने पुसावे, कडांनी धरावे, लोकरीच्या किंवा रबराच्या संगतीत ठेवू नये.

राहता राहिला रुमाल, आणि आमच्या मते खरा वाटा तोच आहे. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील कागद वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापावयास काढला नसता, तर या स्वारीची मराठी बाजू आज कोणास कळली असती? इंग्रजांकडे लिटलच्या तुकडीतील एडवर्ड मूर याने १७९४ मध्येच लंडनास ग्रंथ छापला. आमचे कागद शंभरावर वर्षे रुमालांत पडून होते. तुमच्या रुमालात काय असेल ते न पाहता सांगता येणार नाही. कदाचित देण्याघेण्याच्या याद्या असतील, कुळांचे हिशेब असतील, एखादी सोयरीक मोडल्याचे पत्र असेल. कदाचित मेलकोट्याच्या मुक्कामी धान्याचा भाव काय होता, हे एखाद्या कारकुनाने घरी कळविलेले असेल. जो आजोबा पदकावर नाही तो सापडला तर येथेच सापडेल. आणि शृंगेरीविषयी त्याने एखादी ओळ लिहिली असेल, तर तीही वाचली पाहिजे. ती गैरसोयीची असल्यास अधिकच.

वाटणीच्या कागदात पदकाचा मालक कोणीही ठरो. रुमाल मात्र तोडून चार ठिकाणी देऊ नये. चौघांनी सही करून तो वाचून घेण्यापुरता एकत्र ठेवावा. मोडी जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत, तरी अगदीच संपलेली नाहीत. पुण्यास १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, सरकारचे पुराभिलेखागार आहे; दोन्ही ठिकाणी विचारणा करावी. घरातील एखादी सून वा मुलगी मोडी शिकण्यास तयार असेल तर त्याहून उत्तम, कारण बाहेरच्या वाचकास घरातील नावे लागत नाहीत. तोवर एवढे करावे: खारवा सोडताना कागदांचा क्रम बदलू देऊ नये, चिकटलेले ओढू नयेत, डिंक वा चिकटपट्टी लावू नये, आणि उन्हात घालू नयेत. खर्डीचा पाऊस आम्हांस ठाऊक आहे. पेटी जमिनीवरून उचलून कोरड्या फडताळात ठेवावी. पहिल्या दोन कागदांची छायाचित्रे भगिनींनी आम्हांकडे धाडावी. मायना वाचता आला तर कोणी कोणास लिहिले एवढे तरी पुढील महिन्यात कळवू.